खांद्यावरचा भोपळा

…आन मंग मलाच म्हनत्यात, म्हाताऱ्यानं पोरीचा खेळ मांडलाय. तुमाला सांगतो, अठ्ठ्याहत्तर वरसं नुसता खेळच क्येला मी, कबूल हाय. पर त्या दिवशी न्हाई. जल्मात एकदा खरं बोलाय गेलो… पर नाथाजीचं ऐकतंय कोन?

न्हाई, त्यांचंबी चुकलं न्हाई. गेल्या दिवाळीत मीच सुनंला, भामाबाईला म्हनलं, "आगं, ऋषिराजचा फोन आलता, सुट्टी मिळाली, सांजच्याला येतोय." ऋषिराज माजा नातू, मिल्ट्रीत असतोय, तिकडं बर्फात. बाईनं पुरन शिजवलं, पोळ्या लाटल्या, दारात रांगोळी घातली… आन मी हसाय लागलो. दोन म्हैने बोलली न्हाई माज्यासंगं. आता अशा मानसाचं कोन ऐकंल, तुमीच सांगा.

तर ह्या ऋषिराजची पोरगी, राजेश्वरी. तीन म्हैन्याची. नाव येवडं लांबलचक आन पोरगी इतकुशी. दूध प्याली की पाच मिंटात भळाभळा वकायची, मंग मुठी आवळून पाठ अशी मागं तानायची, धनुष्यावानी, आन रडनं… पाळन्यात आडवी क्येली की सुरू. तिची आई क्रांती, तीबी पाळन्याची दोरी धरून रडायची. भामाबाई म्हनली, "दिष्ट लागलीया." मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळं घर खोकतंय, पोरगी रडतीच हाय. गुटी उगाळली. गुटीबी वकली. शेजारची रहिमतबी आली, "पेट में हवा भरी है, बेंबीपे हिंग लगाव." लावला. पोरीला फोडनीचा वास, रडनं हाय तसंच.

शेवटाला भामाबाईनं निकाल दिला. "हिचं दूधच आंबाट हाय. सोमवारपासनं अंगावरचं बंद, डब्याचं चालू." क्रांती पदरानं पोरीचं तोंड पुसत बसली. आईला आसं म्हनत्यात व्हय? त्यापरास दोन थोबाडीत द्याव्या.

मला बघवंना. म्हनलं, क्रांतीला जरा हसवावं. दुसरं काय येतंय मला? तर माजा एक जुना खेळ हाय, आमच्या रंगूबाईचा. माजी बायकू, जाऊन सा वरसं झाली. आमचा कृष्णात, ऋषिराजचा बा, तान्हा हुता तवा ती त्याला पाजली की खांद्यावर उभा धरायची आन पाठ थापटत अंगनात फिरायची. तासतासभर, भाकरी करपली तरी. आन मी काय करायचो? मोठा भोपळा घ्यायचो खांद्यावर, डोक्यावर टावेल, आन तिच्या मागनं कंबर हलवत, "व्हय गं माजं सोनं, व्हय गं माजं बाळ", भोपळ्याला थापटत. आळी लोटपोट हसायची. मंग ती अंगनात फिरायची बंद झाली. मला वाटलं, जिरली हिची. एक दिवस गोठ्यात गेलो तर तितं, म्हशीच्या मागं, अंधारात, पोराला खांद्यावर घिऊन फिरतीया. मला बघून थांबली. म्हनली, "आवं, हितं तरी फिरू द्या."

आन मी… हितंबी हसलो, गड्या.

तर त्यो खेळ म्हनून मी राजेश्वरीला उचलली. दूध पिऊनच ती सुरू झाल्याली. खांद्यावर उभी घेतली, डोक्यावर टावेल, कंबर हलवत निगालो, "व्हय गं माजं सोनं…" तर कानापाशी एक ढेकर. गड्यासारखा ढेकर. आन पोरगी गप. मला वाटलं दमली आसंल. खाली ठिवली, रडाय लागली. उचलली, गप. तीनदा क्येलं. म्हनलं, आरं देवा, आमची रंगूबाई फिरायची ती पोराला लाडावत न्हवती, त्यालाबी ह्येच हुतं.

"भामाबाई," म्हनलं, "हिला उभी धरायला पायजे. दुधाचा काय दोष न्हाई." भामाबाई म्हनली, "मामंजी, पोरीचा तरी खेळ करू नका." आन कृष्णात, ज्याला रंगूबाईनं गोठ्यात फिरवला त्योच, आता त्याचे केस पांढरे, त्यो म्हनतोय, "आबा, तुमी गप बसा." नाथाजीचं ऐकतंय कोन?

क्रांतीनं ऐकलं. पोरगी उचलली, मला म्हनली, "आबा, चला." येश्टीनं सांगलीला. सबंद वाटंनं पोरगी माज्या खांद्यावर उभी, शर्टाची पाठ दह्यात भिजवल्यावानी.

डॉक्टरीनबाई चस्मा खाली वढून म्हनल्या, "वजन छान वाढतंय, आईचं दूध उत्तम आहे, अजिबात बंद करायचं नाही. पोटातलं वर येतं, घशात जळजळतं. थोडं थोडं पाजा, ढेकर काढा, अर्धा तास उभं धरा. झोपवायचं मात्र पाठीवरच, उशी नको. गुटी बंद. हिरवं किंवा रक्ताचं ओकली, वजन वाढेनासं झालं, तर लगेच आणा." औशद न्हाई, सुई न्हाई. क्रांती तितंच रडाय लागली, पर ते रडनं येगळं. मंग बाई मला म्हनल्या, "आजोबा, उभं धरायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

आता काय सांगू? म्हनलं, "घरच्यांनी." आन तेवड्यात मलाच आंबाट ढेकर आला.

बाई हसल्या. "तुम्हालाही तेच आहे. जेवून लगेच आडवं पडू नका."

आता पोरगी आठ म्हैन्याची झाली, आपली आपन बसती, वकत न्हाई. ऋषिराजला क्वाटर मिळाली, त्यो दोघींस्नी घिऊन गेला. घरात कुनाला खांदा लागत न्हाई. मी जेवतो आन अर्धा तास गोठ्यात, म्हशीच्या मागं फेऱ्या मारतो. भामाबाई इचारती, "मामंजी, आता कुनाची नक्कल चाललीया?"

नक्कल न्हवं गं, म्हनतो. पर नाथाजीचं ऐकतंय कोन? ढेकर काय येत न्हाई, तुमाला सांगतो. त्याला पाठ थापटनारं मानूस लागतंय.