रोटांचा खड्डा आता कुणाच्या दारात?

सन्माननीय अध्यक्ष योगेंद्रभाऊ, व्यासपीठावरचे पाहुणे, आपले सत्कारमूर्ती निंबाभाऊ, आणि सुरतेतल्या गोडादऱ्याच्या या हॉलमध्ये घामाघूम होऊन बसलेल्या माझ्या खानदेशी मायबहिणींनो, भावांनो,

निंबाभाऊ, जरा खुर्चीत बसता का? पुन्हा खिडकीशी गेलात. तळं कुठं पळून जात नाही. खरं सांगायचं तर माझाही जीव थाऱ्यावर नाही. उद्या भाऊ कायमचे शिरपूरला जाणार, आणि येत्या रविवारी घरोघर कानबाई बसणार. मग तळ्याकडे बघणार कोण?

पाहुण्यांसाठी सांगतो. श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, ही आपली रीत. सुरतेत आल्यावर आपली मूठ सैल झाली. शेजारणीपेक्षा आपली टोपली मोठी हवी ना! रोट भाऊबंदांबाहेर द्यायचे नाहीत, उकिरड्यावर टाकणं तर पापच. मग उरलेले जायचे तळ्यात. देवीचाही मान राहिला, माशांचंही पोट भरलं, असं आपण समजत होतो.

तीन वर्षांमागच्या श्रावणात मासे मरून काठाला लागले. वासानं दारं उघडवेनात. आपण काय केलं? डाइंग मिलवर मोर्चा नेला. मिलवाल्यांना शिव्या घालून घसे बसले. मग महापालिकेचे मगनभाई पाणी तपासून आले आणि म्हणाले, "भाई, आमां केमिकल नथी. अनाज सड्युं छे." अन्न कुजलं, त्यानं पाण्यातला प्राणवायू संपवला आणि मासे गुदमरले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण.

सगळे खाली माना घालून घरी गेले. निंबाभाऊंनी मात्र कुदळ घेतली, स्वतःच्या दारात खड्डा खणला आणि उरलेले रोट हात जोडून त्यात ठेवले. किती बोलणी खाल्ली त्यांनी! धुरपदामाय, राग मानू नका, "कानबाई कोपी," देवी रागावेल, असं तुम्हीच म्हणाला होतात. भाऊ एवढंच म्हणाले, "कानबाई माय कोपनी ते माले शिक्षा दी. मासास्नं काय चुकनं?" पुढच्या श्रावणांत हळूहळू गल्लीतल्या टोपल्या त्यांच्या दारात येऊ लागल्या. तळ्यावर पुन्हा बगळे दिसायला लागले.

पण भाऊंचं घर भाड्याचं. नव्या भाडेकरूसाठी मालकानं काल तो खड्डा बुजवून वर फरशी बसवली. म्हणून भाऊंचे पाय ठरत नाहीत. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, खणू कुठं? इथं बसलेल्या अर्ध्या लोकांची हीच गत, आणि ज्यांच्या दारात माती आहे ते आता माझ्याकडे बघत नाहीत. मला या रविवारची भीती वाटते, मंडळी. सरळ सांगतो, भीती वाटते.

कोण बोललं? धुरपदामाय? उठू नका, माईक तिकडे आणतो.

मागच्यांनी ऐकलं का? माय म्हणतात, "खड्डा मना दारमा खंदा. तुळसजोडे."

मायच्या स्वतःच्या दारात, तुळशीशेजारी! भाषणाचा कागद खिशात घालतो. निंबाभाऊ, आता तरी बसा.

बसले एकदाचे.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलताना कुणाला लागलं असेल, मानपानात काही राहिलं असेल, तर आपलाच माणूस म्हणून पोटात घाला. आणि भाऊ, उद्या सामान बांधताना एक करा. कुदळ गाडीत चढवू नका, धुरपदामायच्या दारात ठेवून जा.