नानांनी जमवलेली पोरं

बोन मॅरो द्यायला लोक नाव नोंदवत नाहीत, असं म्हणतात. एरंडोलजवळच्या आमच्या गावात आले, पण भलतेच.

माझ्या चुलतभावाची मुलगी देवपूरला आजारी. घरात कोणाचाच मॅरो तिच्याशी जुळला नाही. मी गावी आमच्या कुळातले वडीलधारे नाना, त्यांना फोन केला, "जुळणारा माणूस आपल्याच लोकांत सापडायची शक्यता जास्त असते. पोरं जमवून ठेवा."

रविवारी गेलो, तर ओट्यावर दहा-बारा पोरं, मुलगी बघायला निघाल्यासारखी इस्त्रीचे शर्ट घालून बसलेली. आमच्या कुळातला एकही नाही.

"नाना, आपल्या घरची पोरं कुठेत?"

"त्या वावरमा शेतस. पोरगी आपला कुळनी शे. एक कुळमा जमस का?"

"नाना, हे लग्न नाही. इथे एक कुळ चालतं, उलट तेच बरं. आज फक्त गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची."

नानांनी शेतावर फोन लावला. इस्त्रीवाले उठायला लागले. एकजण म्हणाला, "मग आमी जाऊ?"

नानांनी फोन कानावरून खाली घेतला.

"बसा. तुमना कुळमा कोनी आजारी पडस नही का?"