तुराकांच्या मानेवरच्या तीन घड्या

...आणि वर म्हणे ही पूर्वकथा. पूर्वकथा म्हणजे काय हे आधी नीट समजून घ्या, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. पूर्वकथा म्हणजे आधी घडलेली, पण मागाहून रचलेली गोष्ट, आणि रचणाऱ्यावर तिच्यात एकच बंधन असतं, की पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, तर त्याला धक्का न लावता आधीचं सांगायचं... एकच बंधन, तुम्हाला सांगतो, दुसरं काही नाही. हवी तेवढी यानं उडवा, हवे तेवढे ग्रह फोडा, पण जे घडून गेलंय त्याला हात लावू नका. एवढं साधं पथ्य ज्यांना पाळता येत नाही त्यांनी गोष्टी सांगाव्यात तरी कशाला? बरं, लावला हात. मग आधी घडलं त्याचं काय करायचं? कुठे ठेवायचं ते?

हा प्रश्न माझा नव्हे, पुंडलिकरावांचा. पुंडलिकराव म्हणजे फुलसावंगीच्या वाटेवर जे कापूस खरेदी केंद्र होतं तिथले ग्रेडर. एकतीस वर्षं या माणसाने गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला, तळातला पुंजका उपसला, दोन्ही अंगठ्यांमध्ये धागा ताणला आणि सांगितलं, लांबी किती, ओल किती, वाण कोणतं, आणि वर पांढराशुभ्र पसरून खाली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, दडवलाय की नाही. एका गाडीत दोन वाणं मिसळलेली असली तर त्यांना ते डोळे मिटून कळायचं, आणि कळलं की चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्यांच्या ताटातल्या भातात खडे टाकले. बोलण्यातही त्यांना भेसळ खपत नसे. समोरचा अख्खी वऱ्हाडी बोलला तरी चालेल, अख्खी पुस्तकी बोलला तरी चालेल, अर्धं हे अर्धं ते असलं की पुंडलिकराव खोकायचे.

अशा माणसाला नाद कशाचा असावा? 'अंतराळ काफिला' नावाच्या मालिकेचा. परदेशातली, हिंदीत बोलणारी, दर रविवारी सकाळी अकराला. आता तुम्ही म्हणाल, कापसाच्या माणसाला परग्रहवासी कशाला हवेत? अहो, पण तिथे प्रत्येक वाण वेगळं होतं ना. निहालांची बोटं काचेसारखी आरपार, ओरबी दर सात वर्षांनी नाव बदलणार, आणि सगळ्यांत मानी ते तुराक, ज्यांच्या मानेवर तीन घड्या, दोन नाहीत, चार नाहीत, तीन. तुराक परक्यासमोर पाणी पीत नाहीत. तुराक कुणालाही पाठ दाखवत नाहीत. आणि एकेचाळिसाव्या भागात कप्तान त्यांना म्हणतो, 'तुम्हाला आजवर एकाही मानवाने पाहिलेलं नाही', तेव्हा तुम्हाला सांगतो, पुंडलिकराव खुर्चीतून उठून उभे राहिले होते, शाळेत साहेब आल्यावर उभं राहतात तसे. सात वर्षं मालिका चालली, सात वर्षांत एक घडी इकडची तिकडे झाली नाही. या जगात एवढी एकच गाडी त्यांनी पाहिली होती जिच्या तळाशी कवडी नव्हती.

आणि ती वर्षं कोणती? कापसाची ती वर्षं तुम्हाला सांगायला नकोत. केंद्र उघडायचं उशिरा, बंद पडायचं वारंवार, आज जागा नाही, उद्या बारदाना नाही, परवा काटा बिघडला. गाड्यांची रांग पार पेट्रोल पंपाच्या पुढे. पद्धत अशी, की गाडी आली त्याच दिवशी ग्रेडरने कापूस बघायचा, चिठ्ठीवर दर्जा लिहून द्यायचा, आणि मापाला नंबर लागायचा तीन-चार दिवसांनी. तोवर लोकांनी करायचं काय? चिडायचं. तेव्हा चिठ्ठ्या देता देता पुंडलिकराव रांगेत मालिकेची गोष्ट सांगू लागले, आणि लोक ऐकू लागले... चार एकरांची कास्तकारी आणि बैलगाडी, दोन्ही स्वतः हाकणाऱ्या बेबीताई तर सगळ्यांत पुढे.

"पाठ दाखवत नाई म्हंता, भाऊ, मंग थे घरी कसे जातेत?"

"उलट्या पावली, बेबीताई."

"आन ठेचकळले तं?"

"ठेचकाळत नाहीत. सराव असतो."

"आमच्या बुढ्याले शिकवा थो सराव. कामाचं नाव काढलं का निस्ती पाठच दिसते त्याची."

रांगेत भांडणं कमी झाली. तांड्यावरचे उत्तमसिंग ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसायचे आणि आलेल्या नव्या माणसाला स्वतःच बजावायचे, "बस, बस. साहेब सांगून राह्यले. तुराक आला हाय, आता पाणी कोणी पेऊ नका." हसायचे, पण ऐकायचे. कारण काय, तर आज सांगितलेलं उद्या तेच असायचं. केंद्र उद्या उघडेल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं, पण तुराकाच्या मानेवर उद्याही तीनच घड्या असणार याबद्दल रांगेत एकमत होतं.

आणि मग आली ती पूर्वकथा. 'काफिला : आरंभ'. शंभर वर्षं आधीची गोष्ट. गाड्या रविवारीही रांगेतच अडकलेल्या, म्हणून केबलवाल्या संघदीपने आपला मोठा टीव्ही दुकानाबाहेर टेबलावर मांडला, आणि अख्खी रांग पुढ्यात बसली. पहिला भाग बरा गेला. दुसऱ्या भागात दार उघडलं आणि आत कोण आलं? तुराक. शंभर वर्षं आधी. ज्यांना एकाही मानवाने पाहिलेलं नाही ते आले आणि मानवाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मान कशी? गुळगुळीत, नव्या मडक्यासारखी. कप्तानाने पेला पुढे केला, तो त्याने घटाघटा रिकामा केला, तोंड पुसलं, उठला, वळला, आणि पाठ दाखवून चालत निघून गेला.

पुंडलिकराव उठून टीव्हीपाशी गेले, आणि जाहिरातींनंतर ते दृश्य पुन्हा आलं तेव्हा त्या मानेवर त्यांनी अंगठा ठेवून काचेवर घासला... एकतीस वर्षांची सवय हो, जे पटत नाही ते अंगठ्याने बघायचं.

"साहेब," संघदीप हळूच म्हणाला, "पिक्चर क्लिअर हाय. केबलचा दोष नाई."

"भाऊ," बेबीताई म्हणाल्या, "ह्ये तं सरळ पाठ दाखवून गेलं."

"हा तुराक नव्हे," पुंडलिकराव म्हणाले. "ही भेसळ आहे."

बरं, चूक झाली म्हणावं, हात जोडावेत, तर तेही नाही. दोन आठवड्यांनी चौथ्या भागात खुलासा केला त्यांनी. काय खुलासा? की यानावर कसलासा किरण पडला आणि सगळ्या मानवांच्या स्मृतीतून तुराक पुसले गेले, म्हणून शंभर वर्षांनी कप्तानाला वाटलं की आपणच पहिले. आणि घड्या? घड्या मागाहून आल्या. अहो, यानातली चारशे माणसं एका किरणात विसरली हे एक वेळ मी मान्य करतो, पण आम्ही बघणाऱ्यांनी कोणत्या किरणात उभं राहायचं? आम्हाला आठवतंय ना. मग आधी घडलं त्याचं काय करायचं?

त्याचा चटका बसला लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी. त्या दिवशी बासष्ट गाड्या आल्या, कापूस उत्तम, पुंडलिकरावांनी एकेका गाडीत हात घालून बासष्टच्या बासष्ट चिठ्ठ्यांवर पहिला दर्जा लिहिला. उत्तमसिंगांनी चिठ्ठी घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "साहेब, राग नका मानू. तुराकाचं बी तुमी असंच ठासून सांगतलं होतं. थे खोटं निंगालं. मंग ह्ये बी उद्या खोटं निंगन का?"

आता बघा, हसण्यावारी न्यायचं होतं. पण ज्याने आयुष्यभर शब्द तोलून वापरला त्याला हसता येईना. ते रांगेच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "ती मालिका मी लिहीत नाही. ही चिठ्ठी मी लिहितो. माझ्या अंगठ्याखालून गेलेला धागा मागाहून आखूड होत नाही. आज पहिला, तर मापाच्या दिवशीही पहिला. ज्या दिवशी बदलेल, त्या दिवसापासून मला साहेब म्हणू नका."

गुरुवारी वरून परिपत्रक आलं. दर्जाचे नवे निकष. धागा एवढा लांब हवा, ओल एवढीच हवी, आणि ते लागू कधीपासून? मागच्या शनिवारपासून. केंद्राचे मुख्य साहेब, माणूस तसा सभ्य, खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा पुंडलिकराव. सोमवारच्या सगळ्या चिठ्ठ्या दुसऱ्या दर्जाच्या होतील."

"पण मी सोमवारी कापूस पाहिलाय."

"पाहिलात ना. पण नव्या निकषाने पाहिलात, असे समजायचे आहे."

"निकष तर आज आला."

"आज आला. पण शनिवारी होता."

"कुठे होता?"

"होता, पुंडलिकराव. आपल्याला ठाऊक नव्हता, एवढंच."

म्हणजे किरण. तोच किरण, तुम्हाला सांगतो, फक्त यानाऐवजी आमच्या केंद्रावर पडला. मग आधी घडलं त्याचं काय करायचं? पुंडलिकराव म्हणाले, मी लिहिणार नाही. मुख्य साहेब म्हणाले, तुम्ही कशाला त्रास घेता, आणि कारकुनाला खूण केली. ग्रेडरचा शिक्का टेबलाच्या खणातच असायचा. तासाभरात बासष्ट नव्या चिठ्ठ्या तयार. वार सोमवार. दर्जा दुसरा. तपासणारे, पुंडलिकराव. ज्या माणसाने सोमवारी पहिला दर्जा दिला, त्याने सोमवारी दुसरा दर्जा दिला होता, आणि तसं कागदावर त्याच्याच नावाने लिहिलेलं होतं. मान गुळगुळीत करून टाकली हो त्यांची... आणि जुनी चिठ्ठी जमा केल्याशिवाय काट्यावर गाडी घेत नव्हते.

काट्याशेजारी उभं राहायचं काम मात्र पुंडलिकरावांचंच. एकेक जण यायचा, जुनी चिठ्ठी द्यायचा, नवी वाचायचा. शिव्या कुणी दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उत्तमसिंगांनी वाचली, घडी केली, खिशात टाकली, मापं झाली, ट्रॅक्टर सुरू केला आणि अगदी अदबीने म्हणाले, "येतो, पुंडलिकराव." 'साहेब' म्हणाले नाहीत. पुंडलिकरावांचा सोमवारचा शब्द त्यांनी पाळला.

शेवटची गाडी बेबीताईंची. त्या चिठ्ठी देईनात.

"माह्या चिठ्ठीवर पयला लिवला हाय."

"बेबीताई, काट्यावर जुनी चालणार नाही."

"मंग कायले पाह्यला होता तुमी हात घालून?"

याचं उत्तर परिपत्रकात तरी आहे का? बेबीताईंनी चिठ्ठी कमरेच्या पिशवीत घातली, बैलांचे कासरे ओढले, आणि चार दिवस रांगेत उभी असलेली गाडी काट्यापासून दहा पावलांवर वळवली, भरलेली, तशीच घराकडे. जाता जाता म्हणाल्या, "भाऊ, तुमी सोमवारी काय म्हनलं थे मी आयकलं होतं. मी नाई इसरली."

रांगेतली एवढी एक बाई त्या किरणातून सुटली. पुंडलिकराव गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत होते, मग आत गेले आणि खणाला कुलूप लावलं, शिक्का वापरून झाल्यावर.

आता ही गोष्ट महागावपासून यवतमाळच्या एसटीपर्यंत कशी सांगतात माहीत आहे? म्हणे टीव्हीतल्या भुताच्या मानेवर घड्या नव्हत्या, म्हणून एका ग्रेडरचं डोकं फिरलं आणि त्याने नोकरी सोडली. साफ चूक. डोकं फिरलं नाही, आणि नोकरी तर मुळीच सोडली नाही. चौदा महिने उरले होते, ते त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत पुरे केले, निरोपाचा हार घालून घेतला, फोटो काढून घेतला. मालिकाही सोडली नाही. रविवारी अकराला बसतात अजून, मी असतो शेजारी. परवा तो गुळगुळीत मानेचा तुराक पुन्हा पाठ दाखवून निघाला तेव्हा मी मुद्दाम डिवचलं, "पुंडलिकराव, बघा, भेसळ." तर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "असू द्या हो. त्यांनाही वरून आलं असेल."