चेहरा संजीवनीचा

— थांब, बंद नको करूस फोन, परत लाव बघू सिनेमाचा तेवढाच तुकडा. ही — ही दारात उभी आहे ना नऊवारीतली, सुनेची ट्रंक हातात घेऊन, ही मी नाही गं अनघा. संजीवनी आहे ती. कपाळ बघ तिचं, केवढं रुंद. आता तुझा तरी काय दोष, दोघींना एकच नथ, एकच पातळ, आज ती सासू तर उद्या मी — कपडेपटवालासुद्धा फसायचा. चाळीस वर्षं मी काय केलं म्हणशील तर मोलकरीण, सुईण, शेजारीण, खाष्ट आत्या. एकशे बारा सिनेमे, आणि नाव नेहमी शेवटच्या घोळक्यात, ‘बेबी’ म्हणून — आज त्र्याऐंशीव्या वर्षीही बेबीच. रस्त्यात लोक नमस्कार करायचे, त्यातले निम्मे तिच्यासाठी असायचे. मी काही दुरुस्त करत बसायचे नाही.

तू बस गं, मलाच बसवत नाही. निशिकांत म्हणतो, आई, घरात फेऱ्या मारू नकोस — मग या परक्या देशात कुठे मारू, टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये? शनिवारी तुमच्या मंडळात माझा सत्कार, पडद्यावर ही क्लिप, खाली माझं नाव, आणि मी पहिल्या रांगेत मान डोलवायची. नातीला विचारलं, तर जाई म्हणते, आजी, कुणाला कळणार नाही लाह — इथल्या पोरांचं ते शेपूट, प्रत्येक वाक्याला. खरंय. कुणालाच कळणार नाही. तीच तर पंचाईत आहे.

काय म्हणालीस? आवाज? — हं. कान चांगले आहेत तुझे. ‘जा गं पोरी, माझ्या मुलासाठी पुष्कळ रडलीस’ — हो, आवाज माझाच आहे. तेव्हा शूटिंगला नुसता चेहरा लागायचा, आवाज मागाहून स्टुडिओत भरायचे. संजीवनीचा घसा बसला होता, म्हणून मी बोलले. झालं. व्हायचं असं तेव्हा. — लिहून कशाला घेतेस? बसला होता घसा, पण चार दिवसच. डबिंगच्या आदल्या दिवशी माझ्या घरी आली होती ती, खणखणीत बोलत होती, म्हणाली, बेबी, उद्या किती वाजता जायचंय? आणि मी म्हटलं, उद्याचं रद्द झालंय. कसं तोंडातून गेलं, मला माहीत नाही. — माहीत आहे. ते वाक्य मला हवं होतं. विधवा सुनेला दुसरं लग्न कर म्हणून स्वतःच्या हातांनी घराबाहेर पाठवणारी सासू — मला असं एक वाक्य कुणी कधी दिलं नाही गं, आणि हिला आयतं मिळालं होतं. सकाळी निर्मात्याला सांगितलं, ती येत नाही म्हणाली, तिचं मी बोलते. एका दमात बोलले. रेकॉर्डिंगवाला डोळे पुसत बाहेर गेला.

पहिल्या खेळाला ती माझ्याच शेजारी बसली होती. पडद्यावर तिने तोंड उघडलं, आणि मी ऐकू आले. बाहेर आल्यावर म्हणाली, छान बोललीस. एवढंच. पुढे वीस वर्षं एकत्र कामं केली, एका डब्यात जेवलो, पण तिने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मी तर — मी पळपुटी. मला फार लाज वाटते त्याची. ती गेली तेव्हा तिच्या घरीही गेले नाही मी, सांगितलं, शूटिंग आहे. नव्हतं.

तर आता लिही. क्लिप राहू दे. खाली नाव संजीवनीचं घाल, मोठ्या अक्षरांत. माझी दुसरी लाव, विहिरीवर भांडी घासतेय ती, त्यात मी आहे, निम्मी तरी दिसते. — आवाजाचं? नाही, आवाजाचं काही घालायचं नाही. का म्हणजे काय, अनघा — घातलंस तर टाळ्या पडतील. मला. आणि मी उभी राहून घेईन त्या, मी ओळखते ना मला. ऊठ आता, एमआरटीच्या गाडीला गर्दी होईल. दार ओढून घे जाताना.