भिंतीकडं तोंड

संस्थान विलीन झालं त्याच साली दत्तोपंत पेन्शनीत निघाले होते. आता मिशनच्या दवाखान्यात ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. शेजारच्या खाटेवर पिराजी, उशाशी त्याची बायको बयाबाई आणि रोज बायबल वाचायला येणारे योहानमामा. सगळं बोलणं दत्तोपंतांच्या पाठीमागं.

“मामा, आमच्या मालकास्नी हिकडं वळवा की, त्येबी भिंतीकडं वळल्यात. भिंतीकडं तोंड केलं की माणूस जातंय म्हणत्यात.”

“असू दे, बयाबाई. हिज्कीया राजा असाच आजारी पडलेला. देवानं संदेष्ट्याला धाडून सांगितलं, तू मरणार. राजानं भिंतीकडं तोंड केलं, प्रार्थना केली, रडला.”

“मग?”

“संदेष्टा अजून अंगणातच हुता. देवानं त्याला तिथनंच माघारी धाडलं. म्हणाला, सांग त्याला, तुझी आसवं बघितली, तुझं आयुष्य वाढवलंय.”

“देवानं आपला शब्द फिरवला?”

“फिरवला की. मागणारा भेटला न्हवं.”

“आन् हे पलीकडचं पंत? कालपासनं तसंच हायत. त्यांच्याकडं कुणीच येत न्हाय.”

दत्तोपंतांनी श्वास रोखून धरला.

“रडत्यात काय?”

“आवाज न्हाय. पर खांदं हलत्यात.”

“हां.”

“मामा, जाताना अंगणाकडचं दार तेवढं उघडं ठेवा. माघारी कुणी यायचं असंल तर.”