शेवटी शून्य नको

—नाही हो भाऊ, स्वप्नील घरात नाहीच. सकाळीच भुसावळला गेला, मावशीकडं. तुम्ही त्याचे साहेब, पुण्याहून एवढे आलात, चहा घेतल्याशिवाय मी सोडायची नाही. मला नको, माझा सोमवार आहे. दारातल्या चपला? त्या— जुन्या आहेत त्याच्या. नव्या घालून गेला. आणि आतला पंखा होय, तो असाच फिरतो, बटण बिघडलंय त्याचं— शिव शिव, उपासाच्या दिवशी कुठं पंख्याचं घेऊन बसले मी! फोन लागत नसेल, नाहीच लागणार, नशिराबाद ओलांडलं की कुठली रेंज? बसा. साहेब म्हणत नाही, भाऊच म्हणते. घरातच पडणार आहे ना गाठ— पंधरा दिवसांवर साखरपुडा आहे त्याचा, तुम्हाला यावंच लागेल. धुळ्याची मुलगी, हेमांगी, गुणाची आहे. तिच्या वडिलांनी स्पष्टच सांगितलं होतं, नोकरी बघून देतोय बरं का. म्हणून तर हे सोमवार धरलेत मी.

तुम्ही कशासाठी आलात तेही ठाऊक आहे मला. दूध केंद्रावरची ती फॅट मोजायची मशीनं बंद पडली ना परवा? नवं सॉफ्टवेअर आलं आणि मशीन म्हणालं, आकडा चुकीचा, घेत नाही. तेच ना? अहो, स्वप्नील काय काम करतो ते मला समजतं, त्यानंच समजावलं. प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरला आकडा असतो— तीन तुकडे, मधे दोन टिंबं. पहिला तुकडा वाढला म्हणजे घरच नवं बांधलं, दुसरा वाढला म्हणजे एक खोली वाढवली, तिसरा वाढला म्हणजे गळका पत्रा बुजवला. आणि आमचा स्वप्नील दारावर बसलेला. आलेला आकडा टिंबापाशी तोडायचा, कुठला तुकडा कमी नाही ना, आकड्यात अक्षर नाही ना शिरलं, कालच्यापेक्षा मोठा आहे ना— बठ्ठं, अगदी सगळं बघून आत घ्यायचं, नाहीतर दारातूनच परत. मी म्हटलं, हे तर आमच्या कानबाईच्या रोटासारखं झालं, देवीच्या प्रसादाच्या पोळीसारखं, भाऊबंदकीतला असेल त्यालाच रोट, बाहेरच्याला नाही! हसला किती. आणि तुमचं ते कच्चं बीटा— चार-शून्य-शून्य बीटा आधी येतो आणि नुसता चार-शून्य-शून्य नंतर, यावर म्हणे पुण्याला अख्खी दुपार मीटिंग झाली. त्यात मीटिंग कसली? अधिक श्रावण आधी, निज श्रावण नंतर. अधिकात लग्न लावत नाहीत, तसं बीटावर दुकान मांडायचं नाही. झालं. घ्या ना, केळ्याचे वेफर घ्या, घरचेच आहेत.

काय म्हणालात? कुठली ओळ, त्याच्या प्रोग्रॅममधली? शेवटचा तुकडा शून्य असेल तर आकडा नाकारायचा— ती? अहो भाऊ, ती तर चांगली ओळ आहे! शून्यावर कुणी शुभकार्य थांबवतं का? तुमच्याकडं आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया टाकत नाहीत? रोटाला आम्ही माणशी सव्वा मूठ गहू घेतो, पुरी एक मूठ घेत नाही. सासूबाई, भिकुबाई, सांगायच्या, "पोरी, बठ्ठं पुरं नको करू, वर थोडं ठेव, शून्य म्हणजे रितं घर शे." वर थोडं ठेवलं की पुढं चालू राहतं. आणि तुम्ही मोठी शिकलेली माणसं, नव्या घराला दोन शून्यं लावून पाठवता! मी म्हटलं स्वप्नीलला, साखरपुड्याचं बोलणं चाललंय आणि तुझ्या हातून रोज शून्यं जाताहेत, हे बरं नव्हे. शून्याला दारातूनच परत पाठव. एक लावून येऊ दे, कोण नाही म्हणतंय? तो म्हणाला, आई, असं नसतं. मी म्हटलं, नसू दे. मी रागावत नाही हो कधी कुणावर. नुसतं पाणी सोडलं. कानबाई बसलेली घरात, आणि मी पाण्याविना. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला, बघ, घातली ओळ, आता घोटभर पी—

नाही, म्हणजे— त्यानंच घातली असं कुठं म्हटलं मी? मी सांगितलं एवढंच. आणि बिघडलं काय तिनं? महिनाभर नुसते गळके पत्रे बुजवणं चाललेलं, सात-आठ-नऊ असे आकडे आले, सगळे आत गेले. दहा आला तेव्हा जीव घाबरला माझा, शेवटी शून्यच की! तर तो म्हणाला, दहा हा सबंध तुकडा, आई, त्यातलं शून्य वेगळं नाही वाचायचं. पटलं मला. नवमीनंतर दशमी येतेच. आता तुम्हीच नेमकं दोन शून्यांचं नवं घर बांधलंत, त्याला ओळ तरी काय करील? दूध नासलं, ते मात्र वाईट झालं. पारोळ्याकडं लोकांनी कॅनच्या कॅन गटारीत ओतली म्हणे. सकाळी दूध नासलेलं मी बघू शकत नाही भाऊ, खरंच. पण चूक मशीनची असेल. स्वप्नील म्हणाला, निभावलंय त्यानं सगळं, काळजी करू नको. मी महादेवाला नारळ बोलले होते, तो पावला.

कसं निभावलं म्हणजे?

दिपमाला? ओळखते ना, त्याच्या शेजारच्या टेबलावरची, पारोळ्याची पोर. कानबाईला आली होती घरी. गुणी आहे. रोट नाही देता आला तिला, भाऊबंदकीतली नाही ना, म्हणून पुरणपोळी वाढली. म्हणाली, काकू, आमच्याकडं सुद्धा कानबाई बसते, पण तुमची पोळी जास्त मऊ. का, तिचं काय?

कामावरून काढलं? तिला? ओळ तिनं घातली म्हणून?

असं कोण म्हणालं?

नाही भाऊ, असं तो म्हणणार नाही. तुमचं ऐकण्यात काही— लिहून दिलंय? स्वतःच्या सहीनं?

चहा गार झाला तुमचा. राहू द्या, दुसरा करते. नाही, बसा, उठू नका. तिच्या गावचं दूध गेलं, आणि वर ती... रोट द्यायच्या वेळेला बाहेरची होती ती. हे मात्र तिच्याच ताटात वाढलं आम्ही. हेमांगीच्या घरी मी जाईन, मीच सांगेन काय झालं ते. चांगली मुलगी आहे, समजून घेईल. नाही घेतलं तर पुढचे सोमवार आहेतच.

स्वप्नील.

पंखा बंद कर अन् बाहेर ये.