तोंडातल्या टाचण्या

हो, हो, मीच सांगितलंय तिला — अशा उभ्या राहू नका बाई, त्या स्टुलावरची कापडं खाली ठेवा नि बसा — मीच सांगितलं, की शाळेत गेल्या गेल्या तुझा चिमटा हसऱ्या तोंडावर लावायचा, रोज, काही झालं तरी. चोरी केली का मी? तुमच्या भिंतीवर चार तोंडं चिकटवलीत ना — हसरं, रडकं, रागावलेलं, घाबरलेलं — आणि पोरांनी आपापला चिमटा लावायचा, म्हणजे कुणाच्या मनात काय ते तुम्हाला कळतं. छान आहे हो. आम्ही चिमट्यांनी कपडे वाळत घालतो, तुम्ही पोरांची मनं घाला! — रागावू नका, जीभच तिखट आहे माझी. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून कात्रीशी संगत. आणि टाचण्यांकडे काय बघताय सारख्या? गिळत नाही मी. ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय आहे, हात मोकळे राहतात. ही बाही आज द्यायचीय, तेव्हा मी शिवते, तुम्ही ऐका.

नाही, आधी माझं ऐका. तुम्ही तिला काही वाईट शिकवता असं मी म्हणतच नाही. परवा दोरा सारखा तुटत होता, मी मशीनला शिव्या घालत होते, तर ही बया आली आणि म्हणते कशी — मावशी, पोटावर हात ठेव, डोळे मिट, श्वास कसा येतो-जातो ते नुसतं बघ. म्हटलं, श्वास काय पाहुणा आहे दारात बघायला? पण ठेवला हात. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तर ते डोळे मिटणं, श्वास घेणं, मऊ उशी घेऊन कोपऱ्यात बसणं — सगळं करा. फक्त तिला बोलायला लावू नका. गोल करून बसवायचं आणि सांगा म्हणायचं, काय वाटतं ते सांगा — ते नको. ठकूला नको.

का म्हणून काय विचारता? तिच्या कागदांत लिहिलं असेल की — आई वारली, बाप तुरुंगात, मावशी सांभाळते. संपलं. एवढंच लिहितात. अहो, तिच्या आधीच्या शाळेतही होत्या एक बाई, तुमच्यासारख्याच, मऊ बोलणाऱ्या. त्यांनीही असाच गोल केला होता, आणि ठकूनं त्या गोलात सांगितलं — बाबा आईचा गळा धरतात. झालं. त्या बाईंना वाटलं, बोलून सुटेल. मन चांगलं होतं हो त्यांचं, मी नाही म्हणत नाही! त्याला शाळेत बोलावलं, खुर्ची दिली, समजावलं, पोरीच्या मनावर परिणाम होतो म्हणाल्या. तो मान डोलावत राहिला, हसला, आभार मानले, पोरीचा हात धरून घरी घेऊन गेला. आणि त्याच संध्याकाळी माझी बहीण — जाऊ दे. बाही उसवावी लागणार ही. बघा, तिरकी गेली शिवण.

तर सांगा मला, आता पोरीनं कुठल्या तोंडावर चिमटा लावावा? घाबरलेल्या? म्हणजे तुम्ही विचारणार, ती सांगणार, आणि पुन्हा कुणाला तरी बोलावणं जाणार. आलात ना तुम्ही? आलातच ना घरी? हेच म्हणते मी. हसऱ्यावर लावला की कुणी विचारत नाही. मी तेच करते. गिऱ्हाईक येतं, माप देता देता हळूच म्हणतं, तुमच्या बहिणीचं काय झालं हो नक्की? मी भरते टाचण्या तोंडात. तोंडात टाचण्या असल्या की माणूस उत्तराची वाट बघत नाही. ठकूचंही तसंच, ती विचारायला लागली की मी —

तिचं काय विचारता. पोर आहे, विचारणारच. झोपताना नाही विचारत, मी इथं मशीनवर बसले की येऊन उभी राहते, या टेबलाच्या कडेला, नखानं माझा कापडावर आखायचा खडू खरवडत. मावशी, मी सांगितलं नसतं तर? — एवढंच. पुढचं बोलत नाही. आणि मी काय सांगणार? तुझा काही दोष नाही, हे म्हणायला किती वेळ लागतो, माहीत आहे हो मला! पण मी तोंड उघडलं तर नुसतं तेवढंच बाहेर येणार नाही ना. रडायला लागले तर तिच्यासमोर? मग मी टाचण्या घेते. ती बघते थोडा वेळ, आणि जाते. मी म्हणते, विसरेल. पोरं विसरतात.

बरं, झालं माझं. बोला आता, तुम्ही कशाला आला होतात? त्या चिमट्याचंच ना?

काय? — काल? — हसऱ्यावर नाही लावला, मग कुठल्या —

ओठाला?

स्वतःच्या?

वळ होता. ओठाखाली लाल वळ होता काल, मी विचारलं तर म्हणाली बाकावर आपटले. मी हळद लावली आणि — तुम्ही काढायला गेलात तर काढू देईना? आणि काय म्हणाली? सांगा. सांगा म्हणते ना! — “मावशी पण असंच करते.”

…

ती डबी द्या इकडे. टाचण्यांची, तुमच्या हाताशी आहे ती पत्र्याची. द्या.

ऐका — आली. कठड्यावरून पाण्याची बाटली खडखड ओढत येते, तीच ती. उठा तुम्ही बाई, मागचं दार आहे तिकडे, जा, लवकर. तुम्हाला इथं बघितलं तर तिच्या मनात काय येईल कळतंय का? शाळेतल्या बाई घरच्यांशी बोलल्या की पुढे काय होतं, ते तिला एकच माहीत आहे. जा म्हणते ना —

नाही. थांबा. बसा तिथंच. मागच्या दारानं कशाला? बघू दे तिला. बाई आल्या, बोलल्या, आणि मावशी धडधाकट बसलीय मशीनवर, हे बघू दे एकदा. हलू नका. आणि मध्ये बोलू नका, तुमचं ते मऊ मऊ.

ये ग. दारात काय थांबलीस? — हो, तुझ्याच बाई आहेत. काही झालेलं नाही. बघ माझ्याकडे, काही झालेलं नाही. दप्तर ठेव. इकडे ये, टेबलापाशी, तुझ्या जागेवर. खडू खरवडलास तरी चालेल.

तोंड रिकामं आहे माझं, ठकू. विचार.